संयमाचे शौर्य

(कणकवली येथे प्राथमिक शिक्षकांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



नोव्हेंबर महिन्याची २६ तारीख शाळांतून दोन कारणांनी पाळली जाते. १९४९ साली त्या दिवशी संविधान सभेने भारताची राज्यघटना स्वीकारली, आणि २००८ साली त्याच दिवशी मुंबईवर दहशतवाद्यांनी हल्ला केला. परिपाठाच्या वेळी घटनेच्या उद्देशिकेचे वाचन होते आणि पाठोपाठ मुले मृतांच्या स्मरणार्थ स्तब्ध उभी राहतात. ती उभी राहतात खरी. परंतु वर्गात येऊन बसली की विचारतात, ‘गुरुजी, त्या दिवशी काय झाले होते?’ आज प्राथमिक शाळेत असलेल्या एकाही मुलाचा तेव्हा जन्म झालेला नव्हता. वर्तमानपत्रातून व पडद्यावरून त्यांच्या कानी जे पडते त्यात स्फोट, आग आणि गोळीबार एवढेच असते. तेव्हा त्या प्रश्नाला शिक्षकाने काय उत्तर द्यावे, हा आजचा विषय आहे.

हा विषय कणकवलीला दूरचा नाही. तळकोकणात असे घर विरळाच, की ज्यातले एखादे माणूस मुंबईस नाही. इथल्या चाकरमान्यांची कोकणकन्या गाडी रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस स्थानकातून सुटते आणि सकाळी कणकवलीस येते. २६ नोव्हेंबर २००८ रोजी रात्री दहाच्या सुमारास त्याच स्थानकात, लांबच्या गाड्यांची वाट पाहत बसलेल्या प्रवाशांवर दोन दहशतवाद्यांनी गोळीबार सुरू केला. बोचकी, पेट्या उशाशी घेऊन बसलेली ती माणसे होती. त्यांपैकी पन्नासांहून अधिक माणसे तेथे प्राणास मुकली. उपनगरी गाड्यांच्या घोषणा करणारे विष्णू झेंडे यांनी आपल्या खोलीतून तो प्रकार पाहिला. ते जागेवरून हलले नाहीत. प्रवाशांनी कोणत्या बाजूने बाहेर पडावे हे ते ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा सांगत राहिले. त्यामुळे कित्येकांचे प्राण वाचले.

घडले ते थोडक्यात असे. लष्कर-ए-तय्यबा या संघटनेचे दहा सशस्त्र तरुण कराचीहून समुद्रमार्गे निघाले. वाटेत त्यांनी ‘कुबेर’ ही गुजरातेतील मच्छीमार नौका ताब्यात घेतली. तिच्यावरील चार खलाशांना ठार केले आणि तांडेल अमरसिंग सोळंकी यांना मुंबईच्या जवळ येईपर्यंत नौका चालवावयास लावून मग त्यांचाही जीव घेतला. रबरी होडीतून ते कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीजवळ उतरले. तेथून ते निरनिराळ्या दिशांना गेले. रेल्वे स्थानक, लिओपोल्ड उपाहारगृह, कामा रुग्णालयाचा परिसर, ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडेंट हॉटेल आणि नरिमन हाउस ही ज्यू धर्मीयांची वास्तू, ही त्यांच्या हल्ल्याची मुख्य ठिकाणे होती. २९ नोव्हेंबरच्या सकाळी ताजमधील अखेरचा दहशतवादी ठार झाला तेव्हा हे अरिष्ट संपले. १६६ माणसे बळी पडली. हल्लेखोरांपैकी नऊ मारले गेले आणि एक जिवंत पकडला गेला.

मुलांना एवढी हकीकत पुरे. पुढे सांगावयाचे ते एका अधिकाऱ्याच्या आठवणींविषयी आहे.

२८ नोव्हेंबर २००८ रोजी, ताजमधील लढा अद्याप संपलेला नसताना, भारतीय नौदलाच्या मरीन कमांडो दलाचा एक अधिकारी मुंबईत वार्ताहरांसमोर येऊन बसला. त्याच्या चेहऱ्यावर काळे फडके गुंडाळलेले होते आणि डोळ्यांवर काळा चष्मा होता. त्याचे नाव सांगण्यात आले नाही. अशा दलातील माणसांना नाव व चेहरा गुप्त ठेवावा लागतो, कारण उद्या पुन्हा त्यांना अशाच कामगिरीवर जावयाचे असते. तोंड झाकलेल्या त्या माणसाने शांत आवाजात कर्तव्याच्या आठवणी देशाला सांगितल्या.

हे दल १९८७ साली उभारले गेले. समुद्रातून, पाण्याखालून अथवा किनाऱ्यावरून करावयाच्या अवघड कामगिऱ्यांसाठी त्याचे जवान तयार केले जातात. शहरातील हॉटेलात शिरून ओलिसांना सोडविणे हे मुख्यतः राष्ट्रीय सुरक्षा दलाचे काम. परंतु ते दल तेव्हा दिल्लीनजीक मानेसर येथे होते आणि विमानाने मुंबईस पोहोचावयास त्याला सकाळ उजाडणार होती. नौदलाचे कमांडो मुंबईत होते. म्हणून २७ तारखेच्या उत्तररात्री त्यांच्या लहान तुकड्या ताज व ओबेरॉय या वास्तूंत शिरल्या. आपले नेहमीचे काम हे नव्हे, असा विचार करावयास तेथे अवसर नव्हता.

त्या अधिकाऱ्याने जे सांगितले त्याचा आशय असा होता. आत अंधार होता. वास्तू अनोळखी, जिने व दालने यांचा नुसता गुंता. हल्लेखोरांना मात्र तिची चांगली माहिती असल्यासारखे दिसत होते. जागोजागी प्रेते पडलेली होती, जमिनीवर रक्त होते. समोर जो येईल त्याच्यावर ते गोळी झाडत होते. त्यांच्या मनास दयामाया शिवलेली दिसत नव्हती. त्यांनी टाकून दिलेली एक पिशवी जवानांच्या हाती लागली. तीत काडतुसे, हातबाँब, पैसे आणि सुका मेवाही होता. म्हणजे पुष्कळ वेळ लढण्याच्या तयारीने ते आलेले होते. आणि मग त्या अधिकाऱ्याने आणखी एक गोष्ट सांगितली. त्या हल्लेखोरांना तेव्हाच गाठता आले असते, परंतु आसपास हॉटेलातील पाहुणे होते. त्यांना इजा पोहोचू नये म्हणून जवानांना हात राखून लढावे लागले.

बंधुभगिनींनो, या एका वाक्यापाशी शिक्षकाने थांबावे. वर्गातील एखादा चुणचुणीत मुलगा येथे हमखास विचारील, ‘मग त्यांनी गोळ्या का नाही झाडल्या? शत्रू निसटला ना!’ हा प्रश्न भाबडा समजू नये. तो मोठ्यांनीही त्या दिवसांत विचारला होता. संयमाला किंमत मोजावी लागते, हे मुलांपासून लपविण्यात अर्थ नाही. ताजमधील हल्लेखोर त्यानंतरही लढत राहिले आणि लढा आणखी दोन दिवस चालला. अधिकाऱ्याला हे ठाऊक होते. त्याने ते झाकून ठेवले नाही, आणि त्याची सबबही केली नाही. जसे घडले तसे सांगितले.

उत्तर असे द्यावे. तो अधिकारी त्या इमारतीत कशासाठी गेला होता? शत्रूला मारावयास, असे मूल म्हणेल. ते अर्धेच उत्तर होय. तो गेला होता माणसांना वाचवावयास. शत्रूला मारणे हे त्याचे साधन होते. पाचशेहून अधिक खोल्यांच्या त्या वास्तूत कोणत्या दाराआड कोण दडले आहे हे त्याला माहीत नव्हते. दार उघडताच समोर हालणारी सावली बंदूक घेतलेल्या माणसाची असेल, किंवा भीतीने पलंगाखाली लपलेल्या म्हातारीची असेल. निमिषार्धात ते ओळखावयाचे आणि मगच चापावरील बोट हलवावयाचे. हल्लेखोराला अशी अडचण नव्हती. त्याला सारी माणसे सारखीच होती, म्हणून तो कोठेही, केव्हाही गोळी झाडू शकत होता. वरवर पाहणाऱ्यास हल्लेखोर जबर आणि सैनिक बांधलेला वाटेल. वस्तुतः ज्या बंधनाने सैनिकाचे बोट रोखले तेच सैनिकाला सैनिक करते. ते बंधन काढून टाका. मग त्याच्या हातातील बंदूक आणि हल्लेखोराच्या हातातील बंदूक यांत भेद कोणता उरेल?

असा संयम त्या रात्री एकाएकी उत्पन्न झालेला नसतो. वर्षानुवर्षांच्या सरावाने तो अंगी मुरतो. लक्ष्य कोणते आणि लक्ष्य नव्हे ते कोणते, हे ओळखण्याचा सराव नेमबाजीइतकाच कसून करून घेतला जातो. थकलेले, घाबरलेले, जखमी असतानाही आज्ञा पाळावयाची, सोबत्याकडे पाहावयाचे, मगच पाऊल टाकावयाचे, हे शरीराच्या सवयीचे होईपर्यंत गिरवावे लागते. शिक्षकांना गिरविणे म्हणजे काय हे निराळे सांगावयास नको.

त्या पथकातील एका जवानाचे नाव पुढे प्रसिद्ध झाले. प्रवीणकुमार तेवतिया हे नौसैनिक अंधाऱ्या दालनात सर्वांपुढे शिरले आणि त्यांना चार गोळ्या लागल्या. एका गोळीने फुप्फुसाला इजा झाली. पडल्या जागेवरून ते हल्लेखोरांना तोंड देत राहिले. त्यांना शौर्यचक्र मिळाले. पूर्वीसारखी अवघड कामगिरी आता झेपणार नाही, असे वाटण्याजोगी त्यांची प्रकृती झाली होती. त्यांनी हळूहळू चालण्याचा, पोहण्याचा, धावण्याचा सराव केला, आणि २०१७ साली लडाखमधील खारदुंगला येथील ७२ किलोमीटरची धाव पूर्ण केली. एका रात्रीच्या शौर्यापेक्षा हा अनेक वर्षांचा सराव मुलांना अधिक जवळचा वाटेल, कारण तो रोज थोडाथोडा करावयाचा असतो.

राष्ट्रीय सुरक्षा दल आल्यावर ताजमध्ये ज्यांना वीरमरण आले ते मेजर संदीप उन्नीकृष्णन यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. केरळात जन्मलेले, बंगळूरला वाढलेले आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत शिकलेले हे अधिकारी तेव्हा अवघे ३१ वर्षांचे होते. जिन्यावरील चकमकीत त्यांचा एक सहकारी जखमी झाला. मेजर उन्नीकृष्णन यांनी आधी त्याला बाहेर नेण्याची व्यवस्था केली आणि मग स्वतः हल्लेखोरांच्या मागे गेले. त्यांना अशोकचक्र देण्यात आले. येथेही क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रथम जखमी सोबती, नंतर शत्रू.

तिसरे उदाहरण गिरगाव चौपाटीवरचे. सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. पोलिसात येण्यापूर्वी ते सैन्यात होते. स्थानकात गोळीबार करून पळालेल्या दोघांची मोटार पोलिसांनी चौपाटीवर अडविली. ओंबळे यांच्या हाती केवळ लाठी होती. त्यांनी एका हल्लेखोराच्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गोळ्या अंगात शिरल्या तरी पकड सोडली नाही. सहकाऱ्यांनी हल्लेखोराला पकडले. संतापलेल्या जमावात त्याचा तेथेच शेवट झाला असता तर कोणास नवल वाटले नसते. परंतु त्याला जिवंत ताब्यात घेतले गेले, आणि म्हणूनच या कटाची हकीकत जगापुढे पुराव्यानिशी मांडता आली. ओंबळे यांनाही मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

यानंतर जे घडले ते त्या नौदल अधिकाऱ्याच्या आठवणीला जोडून सांगावे. ज्याला सर्वांनी गोळ्या झाडताना पाहिले होते त्या अजमल कसाबला वकील देण्यात आला. साक्षी झाल्या. स्थानकात पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्यांच्या आधाराने न्यायालयात आली आणि तिने न घाबरता त्याला ओळखले. मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने त्याला देहान्ताची शिक्षा सुनावली. २०११ साली उच्च न्यायालयाने व २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात तिची अंमलबजावणी झाली. याच खटल्यात दोन भारतीय आरोपी होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा पुरेसा नाही म्हणून त्याच विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. देशाचे मन एवढे पोळलेले असतानाही न्यायाधीशाने पुराव्यावाचून शिक्षा दिली नाही. सैनिकाने अंधारात जे केले तेच न्यायालयाने उजेडात केले. दोघांनीही हात उगारण्यापूर्वी समोर कोण आहे हे पाहिले.

२६ नोव्हेंबरची दोन स्मरणे एकाच दिवशी येतात हा योगायोग खरा. परंतु शिक्षकाने त्याचा उपयोग करून घ्यावा. सकाळी उद्देशिकेत जे शब्द मुले म्हणतात त्यांचा अर्थ याहून स्पष्ट करणारे उदाहरण सहसा सापडणार नाही.

आता वर्गात करावयाच्या चार गोष्टी.

पहिली गोष्ट ही, की त्या दिवसाचे नाट्य करताना मुलांच्या हाती खेळण्यातल्या बंदुका देऊन मारामारीचा प्रवेश बसवू नये. मूल त्यातून आवाज व धावपळ तेवढी उचलते. त्याऐवजी झेंडे यांची घोषणा, जखमीला उचलून नेणारे सोबती, दार बंद करून पाहुण्यांना लपविणारे हॉटेलचे नोकर, असे प्रवेश घ्यावेत.

दुसरी गोष्ट, हल्लेखोरांच्या धर्मावरून वर्गातील कोणाही मुलाकडे बोट जाऊ नये. त्या तीन दिवसांत बळी पडलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते, ज्यू होते. स्थानकातील मृतांतही कित्येक मुसलमान कुटुंबांतील माणसे होती. नऊ हल्लेखोरांच्या प्रेतांना आपल्या दफनभूमीत जागा देण्यास मुंबईतील मुसलमान विश्वस्तांनी साफ नकार दिला, ही नोंद मुलांना आवर्जून सांगावी. नरिमन हाउसमधील दोन वर्षांच्या ज्यू बालकाचे आईबाप मारले गेले. त्याला छातीशी धरून बाहेर घेऊन आली ती त्याची भारतीय दाई सँड्रा सॅम्युअल.

तिसरी गोष्ट किनाऱ्याची. हल्ला समुद्रावरून आला, आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याला देवगड, मालवण, वेंगुर्ले असा लांब किनारा आहे. कुलाब्याच्या वस्तीत रात्री उतरलेले ते परके तरुण तेथील कोळ्यांच्या नजरेस खटकले होते. त्यांना विचारणाही झाली होती. पुढे २००९ सालापासून सागरी सुरक्षेची एकंदर जबाबदारी नौदलाकडे सोपविण्यात आली. तटरक्षक दल, सागरी पोलीस आणि मच्छीमार यांच्या सहकार्याची व्यवस्था अधिक नीट लावण्यात आली. मच्छीमारांना ओळखपत्रे आणि नौकांना नोंदणी आली. किनाऱ्यावरील गावच्या मुलाला हे समजावे, की पाण्यात अनोळखी होडी अथवा बेवारशी वस्तू दिसली तर तिला हात न लावता मोठ्यांस सांगणे हेही देशाचेच काम आहे. कणकवलीसारख्या आतल्या गावीही बसस्थानक आहे, रेल्वे स्थानक आहे, आठवड्याचा बाजार आहे. बेवारशी पिशवीचा नियम तेथेही तोच.

चौथी गोष्ट सैनिकाच्या घराची. सिंधुदुर्गातील मुलाला सैन्य म्हणजे दूरच्या प्रांतातील माणसे असे वाटू नये. शेजारच्या वैभववाडी तालुक्यातील सडुरे हे मेजर कौस्तुभ राणे यांचे मूळ गाव. ७ ऑगस्ट २०१८ रोजी काश्मीरच्या गुरेझ भागात घुसखोरांना अडविताना त्यांना व त्यांच्या तीन जवानांना वीरमरण आले. त्यांच्या पत्नी कनिका राणे यांनी पुढे स्वतः सैनिकी शिक्षण घेतले आणि २०२० साली चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीतून त्या भूसेनेत अधिकारी झाल्या. कर्तव्य असे एका हातातून दुसऱ्या हातात जाते.

शेवटी पुन्हा त्या झाकलेल्या चेहऱ्याकडे वळावयाचे. त्या अधिकाऱ्याचे नाव मुलांना सांगता येणार नाही, चित्र भिंतीवर लावता येणार नाही. त्याने काय केले एवढेच सांगता येईल. प्राथमिक शिक्षकाला हे सहज उमजावे. ज्याने पाटीवर पहिले अक्षर काढून दिले त्याचे नाव पुष्कळांना मोठेपणी आठवत नाही. अक्षर मात्र राहते.

आणि संयमाचे हे अक्षर गिरवावयास हॉटेलातील अंधाराची वाट पाहावी लागत नाही. मधल्या सुटीत अंगणात भांडण होते. एका मुलाच्या हाती दगड असतो आणि तो ताकदीने मोठा असतो. दगड उचललेला हात तो क्षणभर थांबवितो, समोर कोण आहे हे पाहतो आणि दगड खाली टाकतो. त्या वेळी शिक्षकाने त्याला भित्रा म्हणू देऊ नये. वर्गासमोर उभे करून त्याच्या पाठीवर हात ठेवावा. आणि त्या रात्री ताजमधील अंधारात चापावरचे बोट रोखून धरणाऱ्या, नाव न सांगणाऱ्या त्या अधिकाऱ्याची गोष्ट सर्वांना सांगावी.